बारा हेड, एकशे आठ धागे

धागा का तुटतो, हे एम्ब्रॉयडरीच्या धंद्यातल्या चौघांना विचारून बघा. ऑपरेटर म्हणेल, धागाच भंगार आलाय. धागेवाला म्हणेल, तुमच्या मशीनचं टायमिंग गेलंय. मेकॅनिक म्हणेल, डिझाइनचं पंचिंग चुकलंय. आणि पंचिंग करणारा म्हणेल, ऑपरेटरला धाग्याचं टेन्शन लावता येत नाही. पंचाईत अशी की चौघेही अधूनमधून खरे ठरतात. त्यामुळे प्रत्येकाला आपल्या उत्तराचा पुरावा मिळालेला असतो आणि कुणालाच ते बदलायची गरज वाटत नाही.

बारा हेडचं, प्रत्येक हेडला नऊ सुया असलेलं मशीन घेतलं, तर एकूण एकशे आठ धागे होतात. आमच्याकडे बॉबिन भरणारी मुलगी याला जपमाळ म्हणते. या माळेतला एक मणी तुटला की सगळी माळ थांबते, कारण बाराही हेड एकाच मुख्य शाफ्टवर चालतात. सातव्या हेडवर धागा तुटला तर उरलेली अकरा हेडं काम टाकून उभी राहतात. मिनिटाला ७५० टाके या वेगाने एक मिनिट थांबलं, तर बारा हेडांचे मिळून ९,००० टाके बुडाले. जॉबवर्कचा भाव हजार टाक्यांवर असतो, म्हणजे नुकसान थेट पैशात दिसतं. धागा परत ओवून थोडं मागे घेऊन मशीन चालू करायला सराईत हाताला अर्धं मिनिट लागतं, नवख्याला दोन.

टेन्शन बिघडण्याचं मूळ मला या हिशेबातच दिसतं. धागा घट्ट झाला तर तुटतो, सेन्सर ते पकडतो, मशीन थांबतं, मालक ओरडतो. धागा सैल झाला तर मात्र बहुतेक वेळा काहीच होत नाही. मशीन चालत राहतं, भरतकाम जरा फुगीर, जरा ढिलं येतं आणि ते गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मग ऑपरेटर काय करणार? धागा तुटला की टेन्शनचा नॉब पाव फेरा सैल. परत तुटला, अजून पाव फेरा. वरचा धागा ढिला झाला म्हणून मागच्या बाजूला बॉबिनचा धागा दिसेनासा होतो आणि वरच्या धाग्याचे झुपके येतात, मग बॉबिनही सैल. सहा महिन्यांत सगळं मशीन हळूहळू सैलाकडे सरकतं. जुनं मशीन विकत घेताना मी आधी बाराही हेडांचे नॉब बघते. ते जवळजवळ सुटायला आलेले असतील, तर तिथे मागच्या मालकाने काय काय सहन केलं ते वाचता येतं.

हे दुखणं दोन धाग्यांबरोबर आलं. १८२८ च्या सुमारास फ्रान्समधल्या म्यूलूझ गावी जोशुआ हाइलमानने हाताने चालवायचं भरतकामाचं यंत्र केलं. त्यातली सुई दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि नेढं मधोमध. कापडाच्या दोन्ही बाजूंना चिमटे, ते सुई पलीकडे ओढून घेत आणि परत देत. हाताच्या भरतकामासारखाच एक धागा, त्यामुळे वरच्या-खालच्या धाग्यात मेळ घालायचा प्रश्न नव्हता. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट गालन भागात इझाक ग्रोब्लीने शिवणयंत्राचा दुहेरी धागा भरतकामात आणला. पुढून सुईचा धागा, मागून होडीच्या आकाराच्या छोट्या शटलमधला. 'छोटी होडी' याला तिकडच्या बोलीत शब्द आहे शिफली. आपल्याकडे ड्रेस मटेरियलच्या दुकानात 'शिफलीचं कापड दाखवा' म्हणतात, ती ही होडी. यंत्राचा वेग वाढला, पण त्या दिवसापासून दोन धाग्यांची रस्सीखेच सुरू झाली. जपानच्या ताजिमा कंपनीने १९६४ मध्ये अनेक हेडांचं स्वयंचलित मशीन आणलं, तेव्हा तीच रस्सीखेच एकाच वेळी अनेक मैदानांवर चालू झाली.

टाका कसा पडतो ते बघितल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. सुई कापडातून खाली जाते, तळाला पोचते आणि जेमतेम दोन मिलिमीटर वर येते. धागा कापडात अडकलेला असल्याने तो सुईबरोबर सगळा वर येत नाही, सुईच्या मागे छोटा फासा फुगतो. फिरत्या हुकचं टोक तो फासा पकडतं, आख्ख्या बॉबिन केसभोवती फिरवून आणतं, आणि वरचा टेक-अप लिव्हर तो फासा परत वर खेचून घेतो. एका टाक्याला हुक दोनदा फिरतो, म्हणजे ८०० च्या वेगाला मिनिटात १,६०० फेरे. बॉबिनभोवती जायला दहा-एक सेंटिमीटर धागा लागतो. त्यातला टाक्यात राहतो चार-पाच मिलिमीटर, बाकी सगळा परत येतो. म्हणजे धाग्याचा एकच तुकडा शेवटी कापडात बसण्याआधी वीसेक वेळा नेढ्यातून खाली-वर घासून निघतो. नेढ्याच्या आत केसाएवढी धार असली, तरी ती त्याच तुकड्याला वीस वेळा तासते. धागा एका झटक्यात क्वचित तुटतो, तो बहुतेक झिजून तुटतो.

म्हणून तुटलेलं टोक फेकून द्यायचं नाही, उजेडात धरून बघायचं. टोक ब्रशसारखं पिंजलेलं असेल तर घर्षण: सुई बोथट, नेढं खराब, सुई धाग्याला लहान किंवा वाटेत कुठे खरवड. टोक कात्रीने कापल्यासारखं स्वच्छ असेल तर धारेचा मामला: हुकचं टोक, प्लेटच्या भोकाची कड, नाहीतर धागा कापणारी सुरी. टोक ताणून कुरळं झालेलं असेल, तरच ताण जास्त. या तिसऱ्या प्रकारावर नॉब हे औषध आहे. पहिल्या दोन प्रकारांत नॉब फिरवणं म्हणजे दात दुखतोय म्हणून चष्मा बदलण्यासारखं. तरी हात आधी नॉबकडे जातो, कारण सगळ्या यंत्रात पाना न लावता बोटांनी फिरणारी तेवढी एकच वस्तू समोर आहे.

नॉबबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. टेन्शनच्या दोन चकत्या धाग्याला दाबतात तेव्हा त्या आपला ताण मागून आलेल्या ताणात मिळवतात. वाटेतली प्रत्येक कडी, प्रत्येक वळण मात्र आलेल्या ताणाला गुणतं. धक्क्यावर होडी बांधणारा खलाशी दोराचे खुंटाला दोन वेढे देतो आणि टोक एका हाताने धरून उभा राहतो, ते याच जोरावर. त्याचं गणित लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात मांडलं. सुईपर्यंतच्या सगळ्या वळणांची बेरीज एक पूर्ण फेरा धरली आणि घर्षणाचा गुणांक ०.२ असला, तर मागचा ताण साडेतीन पट होतो. गुणांक ०.३ झाला, तर साडेसहा पट. नॉबला कुणी हात लावलेला नाही, फक्त कडीवर धुळीचा थर बसलाय किंवा धागा दमट झालाय, आणि ताण जवळजवळ दुप्पट. धागा ज्या शंकूवर गुंडाळलेला असतो, त्या कोनाच्या बुडाशी तो पाचच ग्रॅमने अडखळला, तरी सुईपाशी तो पाच ग्रॅम राहत नाही. गुणाकारातली चूक बेरजेने दुरुस्त करायला गेलं, तर हिशेब एका वेगाला जुळतो आणि दुसऱ्या वेगाला फसतो. दुपारी बरोबर बसवलेलं टेन्शन संध्याकाळी का हलतं, याचं अर्धं उत्तर मला इथे सापडलं.

याचा धडा मला एका हिरव्या कोनाने दिला. सातव्या हेडवर चौथ्या सुईचा हिरवा धागा दर पाच-सात मिनिटांनी तुटायचा. तीन दिवस आम्ही सुई बदलली, नॉब सैल केला, बॉबिन केस बदलली, हुक काढून पुसला. शेवटी जुन्या ओळखीचे एक मेकॅनिक मामा आले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ताई, सातव्यावर बाकीचे रंग तुटतात?"

"नाही मामा. फक्त हिरवा."

"आणि हिरवा बाकीच्या हेडांवर?"

"तिथे चांगला चालतो."

"मग हुक कशाला खोलला? हुक काय हिरवा बघून चावतो का?"

त्यांनी सातव्याचा आणि आठव्याचा हिरवा कोन अदलाबदल करायला लावला. दहा मिनिटांत आठव्या हेडवर हिरवा तुटला. कोनाच्या प्लास्टिकला बुडाशी नखभर चीर गेली होती. सैल पडलेला वेढा तिच्यात अडकायचा, मशीन तो हिसकून सोडवायचं, आणि दर काही हिसक्यांनी सुईपाशी धागा जायचा. मामांनी कोन कचऱ्यात टाकला आणि चहा मागितला.

अनेक हेडांच्या मशीनवर दोष शोधायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. प्रत्येक हेडला हुक एक, बॉबिन एक, प्लेट एक. सुया आणि धाग्याच्या वाटा नऊ. एका हेडवर सगळेच रंग तुटत असतील तर बिघाड खाली आहे: हुक, बॉबिन, प्लेट. एका हेडवर एकच रंग तुटत असेल तर कोनापासून सुईपर्यंतची ती एक वाट. एक रंग सगळ्या हेडांवर तुटत असेल तर त्या धाग्याचा लॉट. आणि सगळ्या हेडांवर डिझाइनच्या त्याच जागी तुटत असेल तर पंचिंग. हे कळायला अवजार लागत नाही, वही लागते. तारीख, हेड, सुई, डिझाइनमधली जागा, एवढं आठवडाभर लिहिलं तरी मशीन बोलायला लागतं. पण गल्लीतल्या दहा कारखान्यांत अशी वही एकाकडेही नसते. एका हेडच्या मशीनवाल्याची मात्र पंचाईतच, त्याला तुलनेला शेजारी नाही. त्याने कोन, सुई, केस एकेक करून बदलायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाचा ते कळत नाही.

आता बॉबिन. टेन्शन तपासायची सुरुवात इथूनच, कारण ती एकटी नऊ सुयांशी झुंजते. ती चुकीची असेल तर नऊही नॉब तिच्या चुकीला जुळवून बसतात. जुनी रीत अशी: भरलेली बॉबिन केसमध्ये घालायची, धाग्याचं टोक धरून केस लोंबकळत सोडायची आणि मनगटाला हलका हिसका द्यायचा. केस इंच-दीड इंच उतरून थांबली तर ठीक. जागची हललीच नाही तर घट्ट, कोळ्यासारखी सरसर खाली गेली तर सैल. ही परीक्षा भरलेल्या बॉबिनवरच करायची, अर्धी रिकामी केस हलकी असते आणि खोटं सांगते. हल्ली छोटं गेज मिळतं, त्यावर २० ते ३० ग्रॅमच्या दरम्यान काटा आला की काम सुरू करता येतं. वरच्या धाग्याचा ताण सुईतून गेजने ओढून मोजला तर ढोबळमानाने १०० ते १३० ग्रॅम. हे आकडे सुरुवातीचे आहेत, शेवटचा शब्द कापडाचा. पण गेजचा खरा फायदा आकड्यात नाही. सकाळपाळीचा हात आणि रात्रपाळीचा हात यांतलं भांडण त्याने मिटतं.

बॉबिन केसचा स्क्रू फिरवायच्या आधी केसवरच्या पातळ पट्टीखालचा मळ काढावा. बॉबिनच्या धाग्याची पूड, तेल आणि हवेतली धूळ यांची तिथे मेणासारखी गोळी होते, पट्टी उचलली जाते आणि बॉबिन अचानक सैल होते. जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा पट्टीखालून सरकवला की काळी बारीक वळकटी बाहेर येते, काळ्या शेवईच्या तुकड्यासारखी. गेल्या दिवाळीत एका केसमधून दोन निघाल्या. स्क्रूला हातही न लावता काटा १२ वरून २४ वर आला. स्क्रू फिरवायचाच झाला, तर घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटं जावं तेवढाच. आणि केस एकदा तरी जमिनीवर पडली असेल, तिचा काठ चेपला असेल, तर तिच्यावर माया करू नये. नवी केस घ्यावी.

मग येते सॅटिनची परीक्षा. प्रत्येक सुईने इंचभर उंच, चार-पाच मिलिमीटर रुंद सॅटिनची एक उभी पट्टी शिवायची, नऊ सुयांच्या नऊ पट्ट्या, आणि कापड उलटं करायचं. मागच्या बाजूला पट्टीच्या मधोमध पांढरी बॉबिन एक तृतीयांश रुंदीत दिसली आणि दोन्ही कडांना रंगीत धागा एकेक तृतीयांश, तर मेळ बसला. पांढरं दिसतच नसेल तर वरचा सैल किंवा खालचा घट्ट. पांढरं कडेपर्यंत पसरलं असेल तर उलट. एवढी साधी परीक्षा आहे, पण ती रोज सकाळी करणारा कारखाना मी एकच बघितलाय. त्यांचं धागा तुटणं बंद झालेलं नव्हतं. ते कमी होतं आणि का होतं ते त्यांना माहीत असायचं.

सगळ्यात जास्त चकवतो तो प्लेटखालचा गुंता. फ्रेम जागेवरून हलत नाही, कापड प्लेटला चिकटून बसतं, खाली हात घातला की धाग्याचं पाखराचं घरटं. नवा ऑपरेटर हमखास बॉबिनवर चिडतो, कारण गुंता बॉबिनच्या घरात आहे. पण खाली साचलेला धागा बघा, तो रंगीत असतो, वरचा असतो. टेक-अप लिव्हरने तो परत वर खेचायला हवा होता. धागा चकत्यांच्या मधे बसलेलाच नाही, त्यांच्या अंगावरून गेलाय, किंवा लिव्हरच्या भोकातून सुटलाय, म्हणून तो खालीच राहिला. वरून धागा परत ओवायचा. ओवताना चकत्यांमधे तो दोन्ही हातांनी धरून फ्लॉससारखा मागे-पुढे ओढायचा, म्हणजे बसतो. आणि घरटं काढताना फ्रेम हिसकायची नाही, खालून कात्रीने कापायचं. हिसका दिला की हुक जागचा सरकतो, आणि मग खरोखरच टायमिंग जातं.

टायमिंगबद्दल माझं मत धंद्यातल्या बऱ्याच जणांना आवडत नाही. ते आपोआप जात नाही. ताजिमा पद्धतीच्या मशीनवर मुख्य शाफ्ट २०१ अंशांवर असताना हुकचं टोक सुईच्या मागे यायला हवं, सुई आणि टोक यांच्यात कागद जाईल एवढी, ०.१ ते ०.३ मिलिमीटरची फट. सुई फ्रेमवर आपटली, घरटं हिसकून काढलं किंवा स्क्रू ढिला सोडला, तर हे हलतं. असं काहीच घडलेलं नसताना मेकॅनिक थेट टायमिंग लावायला बसला, तर त्याला चहा देऊन थोडं थांबवावं. आधी नवी सुई, मग साफ हुक, मग तेलाचा एक थेंब. हुकला दर पाळीला पांढऱ्या तेलाचा थेंब लागतो. कोरडा हुक गरम होतो, अडखळतो आणि धागा कापतो. तेल जास्त झालं तर पांढऱ्या शर्टावर त्याची सही उमटते.

सुईत दोन गोष्टी चुकतात. या मशीनच्या सुया गोल दांड्याच्या, डीबी-के५ जातीच्या, शिवणाच्या सुईपेक्षा मोठ्या नेढ्याच्या. दांडा गोल म्हणजे ती कशीही बसते, आणि तिच्या पाठीवरची खोलगट खाच बरोबर मागे आली नाही तर हुकला फासा सापडत नाही. दुसरी चूक सुईच्या मापाची. नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्याला ७५/११ ची सुई पुरते, ६० नंबरच्या बारीक धाग्याला ६५/९. होजिअरी, टी-शर्टला गोल टोकाची सुई घ्यावी, नाहीतर ती विणीचे टाके तोडते आणि दोन धुण्यांनंतर भोकं पडतात.

कापड फ्रेममध्ये सैल धरलं असेल तर ते सुईबरोबर वर उचललं जातं, फासा फुगत नाही आणि टाका सुटतो. ऑपरेटर त्याला टेन्शन म्हणतो. टोपीवर हे नेहमीचं, कारण टोपीचा पुढचा भाग प्लेटवर नीट टेकतच नाही.

पंचिंगवर मला जरा रेंगाळायचंय, कारण देवनागरीचं दुखणं इथे आहे आणि ते परदेशी पुस्तकांत लिहिलेलं नाही. पंचिंग म्हणजे डिझाइनचे टाके आखणं. हा शब्द कागदी पट्टीला भोकं पाडून डिझाइन साठवायच्या दिवसांपासून उरलेला, आता ते संगणकावर होतं. ४० नंबरच्या धाग्याला टाक्यांच्या दोन ओळींत साधारण ०.४ मिलिमीटर अंतर ठेवतात. त्यापेक्षा दाट केलं किंवा एकावर एक थर चढवले, की सुईला आत शिरायला जागा राहत नाही, ती आधीच्या धाग्यातच घुसते आणि त्याला फाडते. आता शाळेचा बिल्ला घ्या, त्यावर सहा मिलिमीटर उंचीत 'विद्यालय'. इंग्रजी अक्षरं शेजारीशेजारी उभी राहतात. आपल्या अक्षरांवर शिरोरेषा आहे, आणि प्रत्येक काना तिला जाऊन भिडतो. सॉफ्टवेअरने काना वेगळी सॅटिन पट्टी आणि शिरोरेषा वेगळी सॅटिन पट्टी अशी केली, की प्रत्येक सांध्यावर दुप्पट दाटी. 'द्या'मध्ये अर्ध्या अक्षराची गाठ आणखी. आणि अनुस्वार! मिलिमीटरभराच्या टिंबात अर्ध्या मिलिमीटरहून लहान टाक्यांचा ढीग पडतो, सुई एकाच भोकात दहा वेळा उतरते, धागा जातो. नेहमी 'मंदिर'च्या टिंबावरच तुटतो म्हणून एका ऑपरेटरने मशीनला उदबत्ती ओवाळलेली मी बघितली आहे.

उपाय टेन्शनमध्ये नाही. सांध्यापाशी काना आखूड घ्यावा, म्हणजे तो शिरोरेषेखाली जेमतेम शिरेल. टिंब गोल सॅटिनचं न करता दोन-तीन आडव्या टाक्यांचं करावं, डोळ्याला ते गोलच दिसतं. अक्षर पाच मिलिमीटरच्या खाली गेलं तर ६० नंबरचा धागा घ्यावा, नाहीतर शाळेला सांगावं की बिल्ला मोठा करा. हे सांगायला धीर लागतो, कारण शेजारचा कारखानदार 'होऊन जाईल' म्हणायला तयार असतो.

धाग्याची जात आणि हवा हा वादाचा विषय. रेयॉन हवेतला ओलावा पितो, नेहमीच्या दमट हवेत वजनाच्या १३ टक्क्यांपर्यंत. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. ओलं रेयॉन आपली निम्म्याच्या आसपास ताकद गमावतं. म्हणून जुलैत मुंबईत जे रेयॉन कुरकुरतं, ते फेब्रुवारीत पुण्यात बिनतक्रार चालतं. पावसाळ्यात कोन प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावेत आणि उघडे कोन रात्रभर मशीनवर सोडू नयेत. पॉलिएस्टरला पाऊस बाधत नाही, पण ते ताणलं की लांबतं आणि फ्रेममधून कापड सोडल्यावर परत आखडतं. शिवताना सपाट दिसलेलं डिझाइन टेबलावर चुण्या टाकतं. रेयॉनच्या टेन्शनवर पॉलिएस्टर चालवणाऱ्यांना हे हटकून भेटतं. धागा तुटत नाही म्हणून ते खूश, चुण्यांसाठी मात्र बिचाऱ्या बॅकिंगच्या कागदाला शिव्या.

जरीचा धागा सगळ्यात हट्टी. सुरतेच्या कारखान्यांत साड्यांवर तो रात्रंदिवस चालतो, आणि तिथे खानदेशातून गेलेली कितीतरी मुलं त्याच्याशी झगडण्यात पटाईत झाली आहेत. चकचकीत पट्टी गाभ्याच्या धाग्यावर गुंडाळलेली असते. नेढं लहान असलं की पट्टी सोलली जाते आणि गाभा उघडा पडतो. सुई ८०/१२ किंवा ९०/१४ ची, वेग ५००-६०० वर, वरचा ताण कमी. शिवाय उभ्या कोनावरून धागा डोक्याकडून सुटताना प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ वाढतो. साधा धागा तो पचवतो, जरीचा धागा पचवत नाही, त्याच्यात आकडे पडतात. कोन जरा लांब ठेवला तर पिळाला पसरायला वाट मिळते.

आता नव्या वाटेकडे. धागा ओढून ताण ठेवायचा, का मोजून पुरवायचा? अमेरिकेच्या मेल्कोने चकत्याच काढल्या. त्यांच्या अॅक्टी-फीडमध्ये रोलर प्रत्येक टाक्याला लागेल तेवढाच वरचा धागा मोजून सोडतात आणि ऑपरेटर फक्त कापडाच्या जाडीचा अंदाज भरतो. ताजिमानेही वरच्या धाग्याचा पुरवठा टाक्यागणिक सांभाळणारी आय-टीएम ही यंत्रणा आणली. कल्पना सरळ आहे. गाठ कापडाच्या खालच्या अंगाला बसते असं धरलं, तर तीन मिलिमीटरच्या टाक्याला ०.३ मिलिमीटर जाडीच्या सुती कापडावर साधारण ३.६ मिलिमीटर धागा लागतो, दोन मिलिमीटरच्या जॅकेटवर सात. चकत्यांच्या मशीनवर हा फरक ऑपरेटरच्या बोटात असतो. इथे तो आकड्यात आहे. रोज कापड बदलणाऱ्याला याचा मोठा फायदा. पण जाडी चुकीची भरली, तर गुंता आणि तुटणं दोन्ही परत येतात, आणि या वेळी फिरवायला नॉबही नसतो, त्यामुळे जुना हात अगदी बेचैन होतो. बाराही हेडांवर एकच शाळेचा बिल्ला महिनाभर काढणाऱ्या माझ्यासारखीला चकत्या पुरतात, असं मला वाटतं. उद्या कामाची जात बदलली, तर मतही बदलेन.

वरचा धागा इतका शहाणा झाला, तरी या मशीनांतही खाली बॉबिन केस आहेच, तशीच पातळ पट्टी आणि तोच छोटा स्क्रू. आमच्याकडे बाराही केसना लाल नेलपॉलिशने नंबर घातलेत, म्हणजे पाचव्याची केस नवव्यात जात नाही. सकाळी बॉबिन भरणारी मुलगी एकेक केस बोटांतून सोडते, हिसका देते, बघते आणि पाटीत ठेवते. अकरा नंबरची आज सरसर खाली गेली. तिने ती बाजूला काढली आणि टेबलाच्या खणात जुनं व्हिजिटिंग कार्ड शोधायला लागली.